पन्नासच्या खाली नाही

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. बाळाकाकांचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी प्रयोगशाळेत जाण्याची तयारी करत होते. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, फोनवर कधीही हळू बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "कुंदा गेली गो बाय... पहाटं." कुंदाआत्या, या दोघा भावांची धाकटी बहीण, चार दिवस बदलापूरच्या एका रुग्णालयात न्यूमोनियाशी झगडत होती. संध्याकाळपर्यंत काकांच्या पालेगावच्या नाक्यावर तिचा श्रद्धांजलीचा फलक लागला. फोटो बरा निवडला होता. खाली लिहिले होते: प्रेमळ, मनमिळाऊ आणि सोशिक. "सोशिक कोणी लिहिलं?" मी काकांना विचारले. "बॅनरवाल्याकडं तयारच असतं ते. बायकांच्या बोर्डावर टाकतातच." प्रेमळ मला मान्य आहे. मनमिळाऊ ती माणूस पाहून होती. सोशिक ही मात्र सरळसरळ चुकीची नोंद आहे, आणि मोजणारे उपकरण खरे मोजते की नाही हे तपासणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ती दुरुस्त केल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. फलक उतरेपर्यंत वाट पाहिली. आता लिहिते.

आत्याने लग्न केले नाही आणि त्याचे कारण कोणालाही सांगितले नाही. विचारणाऱ्याला ती उलट विचारत असे, "तू का केलंस?" नव्वदच्या दशकात, जेव्हा आमच्या घरच्या मुली शिवणकामाच्या वर्गाला जात, तेव्हा तिने बदलापूर पूर्वेला एक गाळा भाड्याने घेऊन व्हिडिओ गेमचे दुकान टाकले. दोन टीव्ही, दोन यंत्रे, चार लाकडी स्टुले आणि तासाचा दर लिहिलेली पाटी. पोरे बिघडवते, असे शेजारच्या बायका म्हणत. त्यांचीच पोरे तिच्याकडे गृहपाठ उरकून येत, कारण वही दाखवल्याशिवाय ती खेळायला देत नसे. माल उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या लछूशेठकडून येई. त्या काळच्या प्लास्टिकच्या कॅसेटी बहुतेक नकली असत. पहिली पातळी व्यवस्थित चाले आणि दुसऱ्या पातळीत चित्र गोठे. म्हणून आत्या प्रत्येक कॅसेट शेठच्या काउंटरवरच लावून दुसरी पातळी ओलांडेपर्यंत खेळत असे. मागे गिऱ्हाइके खोळंबत. शेठ वैतागत, "अरे साईं, माल लेना है कि पूरा गेम इधरिच खतम करना है?" आत्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणे, "शेठ, दूसरे स्टेज में अटकेगा तो पोरं मेरे डोके पे नाचेंगे, तुम्हारे नहीं." मी पहिली-दुसरीत असताना हे पाहिले आहे. घेण्याआधी तपासावे, आणि जिथे बिघडण्याची शक्यता आहे तिथपर्यंत नेऊन तपासावे, हे मी पुढे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकले तेव्हा मला ते नवे वाटले नाही.

घराघरांत संगणक आले, मग मोबाइल आले. गाळ्यात झेरॉक्सचे यंत्र बसले आणि व्हिडिओ गेम माळ्यावर गेले. पुढे आत्याचा उजवा हात थरथरू लागला. कंपवाताचे निदान झाले तेव्हा पन्नाशी उलटून तिला फार दिवस झाले नव्हते. तिच्या वाढदिवसाला मी तळहातावर मावेल असे एक यंत्र आणले. जुन्या यंत्रांची नक्कल करणारी प्रणाली, म्हणजे एम्युलेटर, त्यात असते आणि तिच्या जोरावर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे शेकडो खेळ त्यात चालतात. चालतात, असे विक्रेता म्हणतो. किती चांगले चालतात हे पाहायला आम्ही दोघी बसलो आणि मग प्रत्येक रविवार त्यातच जाऊ लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो: सेकंदाला किती चित्रे उमटतात तो. माझे लक्ष आकड्याकडे, तिचे खेळाकडे. सर्वांत जुने खेळ साठावर अचल असत. नंतरच्या पिढीतले, खोलीचा भास देणारे खेळ मात्र त्या स्वस्त यंत्राला झेपत नसत. आकडा चाळिसावर, तिसावर घसरे, आवाज तुटे. "हा दमला," आत्या निकाल देई. "हा खोकतोय. याला झोपव." तिचे शब्द आणि माझे आकडे क्वचितच वेगळे निघत.

फक्त एका खेळावर ते जुळेनात, आणि तो तिचा सर्वांत लाडका होता. त्यात एक छोटा माणूस तुटक्या पुलावरून उड्या मारत जातो. पलीकडे एक लाकडी पाळणा वर-खाली होतो आणि नेमक्या क्षणी त्यावर झेप घ्यावी लागते. दुकानात या पुलावर तिला हरवणारे कोणी जन्मले नव्हते. आता ती प्रत्येक वेळी दरीत पडत होती. एका रविवारी बाळाकाका आले, पाठीमागे उभे राहिले आणि त्यांनी ते पाहिले. "कुंदे, हात गेले गो तुझे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, धसका होता. "आता एकटी नाय राहायचं. पालेगावला चल. उद्या गॅस पेटवताना काय झालं मग?"

"माजा हात नाय गेला, दादा. ह्यो खेलच जोरात पलतोय."

"घ्या! नाचता येईना..." काका माझ्याकडे वळले. "तू शिकलेली ना? सांग हिला. काय दाखवतंय ते मशीन?"

यंत्र साठ दाखवत होते, तेही अगदी स्थिर. आत्याने माझ्याकडे पाहिले... तिचे घर, तिची किल्ली, सकाळचा चहा स्वतः करण्याचा तिचा हक्क, सगळे त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर येऊन थांबले होते. मी एवढेच म्हणाले, "काका, पुढच्या रविवारी सांगते." स्थिर असणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भिंतीवरचे घड्याळ रोज तेवढेच पुढे गेले तरी ते स्थिरच म्हणावे लागते. नमुन्यावर शंका घेण्याआधी उपकरणावर घ्यावी, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. माणसाच्या बाबतीत, विशेषतः आजारी बाईच्या बाबतीत, तो नियम लोक इतक्या सहज का सोडतात हे मला अजून कळलेले नाही.

मी माळ्यावरून जुने यंत्र काढले, नवा अडॅप्टर लावला, आत्याचा जाड टीव्ही सुरू केला आणि तोच खेळ दोन्हीकडे चालवून मोबाइलवर चित्रित केला. नव्यात लाकडी पाळण्याच्या ज्या फेऱ्यांना दहा सेकंद लागत, त्यांना जुन्यात बारा लागत होते. कारण साधे होते. आपल्याकडच्या टीव्हीचे प्रमाण सेकंदाला पन्नास चित्रांचे, आणि इथे विकली गेलेली ती यंत्रे त्याच प्रमाणाने चालत. खेळातला माणूस प्रत्येक चित्रामागे एक पाऊल टाकतो. चित्रे कमी, तर पावलेही कमी. एम्युलेटर मात्र खेळ जिथे जन्मला त्या देशाचे साठचे प्रमाण धरून चालला होता. आत्याचा हात बदलापूरच्या गाळ्यात पन्नासावर घडला होता आणि वीस वर्षांनंतरही त्याला तो फरक कळत होता.

पुढच्या रविवारी मी काकांना समोर बसवले, एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये एक बदल करून पन्नास निवडले आणि यंत्र आत्याच्या हातात दिले. उजवा हात थरथरत होता. पण बटणावर अंगठा टेकला की थरथर थांबत असे, हे आमच्यापैकी कोणीही आजवर नीट पाहिले नव्हते. तिने पूल ओलांडला, पाळण्यावर झेप घेतली आणि मग, निव्वळ काकांसाठी, मागे येऊन पुन्हा एकदा ओलांडला. काकांनी हात पुढे केला. "मना दे," ते म्हणाले, आणि लागोपाठ तीनदा दरीत पडले. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "दादा, तुजं हात गेलं रं! चल, माज्याकडं राहायला ये." काकांनी त्या आठवड्यात तिच्या शेगडीला आपोआप बंद होणारी झडप बसवून दिली आणि पालेगावचा विषय पुन्हा काढला नाही.

ही गोष्ट इथे थांबवली तर ती गोड होईल, आणि आत्याला गोड फारसे आवडत नसे. आजार पुढे सरकत राहिला. गेल्या उन्हाळ्यात ती पन्नासावरही पडू लागली. या वेळी मी जुने यंत्र पुन्हा लावून पाहिले. आकडा बरोबर होता, पाळणा बरोबर होता. एम्युलेटरमध्ये वेग हवा तेवढा कमी करता येतो. मी म्हणाले, "आत्या, पंचेचाळीस करू का? जमेल तुला."

"मंग ता माजा खेल कसा?" ती म्हणाली. "तवा मशीन खोटा बोलत होता, म्हनून तू त्याला सुधारलास. आता ता खरा बोलतंय... आता मी हरतेय. हरू दे मना. पन्नासच्या खाली आनलंस तर उंबऱ्यात पाय ठेवू नको."

त्याच दिवशी तिने काकांना स्वतः फोन लावला. "दादा, आता हात गेले. मी सांगतेय म्हनून गेले. पालेगावला नाय येनार, दिवसाची बाई ठेवते." आणि ठेवली. त्या बाईंना तिने महिनाभरात पुलापर्यंत पोहोचायला शिकवले. सोशिक माणूस मिळेल ते सोसतो. आत्याने आधी खरे काय आहे ते बघितले, मग त्यातले किती सोसायचे ते स्वतः ठरवले.

रुग्णालयात नेण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटच्या वेळी बसलो. तिच्या अंगठ्याला बटण सापडत नव्हते. ती पडली, पुन्हा पडली, आणि मग तिला संशय आला. कोपऱ्यातला आकडा तिला आता वाचता येत नसे. "काय दाखवतंय? खरा सांग हां, बाय. लाडानं नको." मी सांगितले. तिने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले, आणि ती समाधानाने म्हणाली, "मंग बरोबर पडले."

ते यंत्र आता माझ्या टेबलावर, प्रयोगशाळेतून आणलेल्या कागदांशेजारी असते. चुलतभाऊ म्हणतो, साठ कर, स्मूथ चालेल. त्याला मी हात लावू देत नाही. या रविवारी दुपारी मी ते सुरू केले, पुलापर्यंत गेले, पाळण्याचा अंदाज चुकवला आणि खाली पडले. पडता पडता सवयीने कोपऱ्यात पाहिले. ५०.