विमानाचं बटण
२०२३ साल होतं, मी बहात्तर वर्षांचा. फोनवर ते विमानाचं चित्र दिसलं की अजूनही गोरखपुरातल्या दवाखान्याचा बाक आठवतो, फिनाईलच्या वासासकट. वर बायकोच्या पोटाचं ऑपरेशन चालू होतं. वर एकालाच थांबू देत, म्हणून सून वर अन् मी खाली. जाताना ती म्हणाली, "बाबा, झालं की फोन करते. तुमची बॅटरी कमी आहे, वायफाय अन् ब्लूटूथ बंद करून देऊ?" मी म्हटलं, "मले येते." येत काहीच नव्हतं. ती गेल्यावर दिसेल ते बटण दाबलं, विमानाचंही. बारा टक्के बारावरच टिकले, मी खूश. पण दोन तास गेले, तीन गेले, फोन वाजेना. वाटलं, वाईट झालं असेल अन् सुनेला सांगवत नसेल. जिन्याकडे पाय उचलेना. शेवटी तीच धावत आली. "काहून फोन बंद ठेवला, बाबा? आई शुद्धीवर येऊन तुम्हालेच विचारून राहिली!" मग तिनं फोन पाहिला. "विमान लावून बसले जी तुम्ही! याच्यानं फोनच लागत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी चष्मा लावला, फोन तिच्यापुढं धरला अन् म्हटलं, "चलो, शिकव."