बेदाण्यावरचा काळा पडदा

सम्मेद मगदूमला गावातच राहायचं होतं. आमच्या तासगावात शिकलेल्या पोरानं असं उघड बोलून दाखवलं, की लोक त्याच्या आईला हळूच विचारतात, "पोरगं बरं हाय न्हवं?" पुण्याच्या एका कंपनीनं त्याला घ्यायचं कबूल केलं होतं आणि मंगळवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. इथं त्याच्या हातात एकच काम होतं, जिनदत्त आण्णांच्या बेदाण्याच्या अडत दुकानाचं वेबपान.

पान साधंच. शेतकऱ्यानं शेडवर बसून मोबाईलवर आपला माल आणि त्याला आलेला दर बघायचा, पटला तर 'होकार'चं बटण दाबायचं. अवघड होती ती आण्णांची अट. "सोमवारच्या सौद्यात लोकांनी आपलं आपण वापरलं, तर वर्षभराचं काम तुझं. माझा फोन वाजत बसला, तर तू पुणं गाठ."

सम्मेदला समजावून सांगायची हौस दांडगी. शाळेत मला गणित शिकवताना तो पानावरची बाकीची सगळी गणितं पंजानं झाकायचा आणि म्हणायचा, "हितंच बघ." मी पास झालो, त्यामुळं त्याचा या पद्धतीवर फार विश्वास बसला. जावास्क्रिप्टची एक चिमुकली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, त्याला सापडली, तीही हेच करणारी. पानावरची पाहिजे ती एक गोष्ट उजेडात ठेवायची आणि मागं सगळीकडं काळा पडदा सोडायचा. पडदा किती गडद, ते एका आकड्यावर ठरायचं. शून्य म्हणजे पडदाच नाही, एक म्हणजे अमावास्या. सम्मेदनं पाऊण ठेवला. पान उघडलं की 'होकार' तेवढा झगमगायचा, शेजारी ओळ यायची, 'दर पटल्यास इथे दाबा.' मला दाखवून तो म्हणाला, "आता आंधळा बी चुकणार न्हाई गड्या."

सोमवारी दर पानावर चढले आणि आण्णांचा फोन वाजला. सावळजच्या आक्काताई होत्या.

"आवं आण्णा, मला न इचारता माझा माल इकलासा व्हय?"

"कुणी इकला? हितंच हाय की."

"मग त्याच्यावर बारदान कशाला टाकलंय?"

आण्णांच्या दुकानात नमुन्याची ताटं मांडलेली असतात. माल गेला की हमाल त्या ताटावर बारदानाचा, म्हणजे गोणपाटाचा, तुकडा टाकतो. झाकलं म्हणजे विकलं, हे तिथं येणाऱ्या प्रत्येकाला पाठ. आक्काताईंनी पान उघडलं, तर त्यांचा माल काळ्या पडद्याखाली!

मग कोंडीबांचा फोन आला, मग केरबांचा. प्रत्येकाचा माल परस्पर विकला गेलेला. आण्णांनी सम्मेदकडं बघितलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "पुण्याची गाडी किती वाजता हाय रं?"

सम्मेदनं आण्णांच्या हातातला फोन घेतला आणि सावळजला लावला. "आक्काताई, बटण कसं दाखवू मग तुमाला?"

"उजेड ठेव की सगळीकडं. लग्नात नवरी दाखवायला मांडवातली लाईट घालवतोस का रं?"

तिथंच गादीवर मांडी घालून त्यानं पडद्याचा आकडा शून्यावर आणला आणि 'होकार'भोवती हळदीसारखी पिवळी जाड चौकट ओढली. काळा रंग मात्र टाकून दिला नाही. ज्यानं होकार दाबला, त्याच्याच मालावर तो पडेल, असं केलं.

"आता दिसतंय," आक्काताई म्हणाल्या. "दाबू?"

"दर पटला का?"

"न्हाई."

"मग दाबू नका."

"शाणा हाईस," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर फोन गप्प झाला. एवढा, की आण्णांनी तो दोनदा उचलून बघितला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र एकेक माल काळा होत चालला होता. कोंडीबांचा गेला, केरबांचा गेला. आक्काताईंचा तेवढा उजेडात राहिला. शेवटी एका व्यापाऱ्यालाच राहवेना, त्यानं दर वाढवला, आक्काताईंनी होकार दाबला आणि त्यांचा मालही झाकला गेला.

आण्णांनी चहा मागवला. "उद्यापासनं सकाळी लवकर येत जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीतल्या बाईंनी फोनवर विचारलं, दुसरीकडं कुठं जॉईन होताय का? सम्मेद म्हणाला, "बेदाण्यात."

त्यांनी स्पेलिंग विचारलं म्हणे.