माळावरची दोनशे चौदा झाडं

येरमाळ्याच्या वरच्या माळावर पवनचक्क्या आल्या तेव्हा बब्रुवान तिथं पहारेकरी म्हणून लागला. अकरा वर्षांत तो सुपरवायझर झाला.

रस्त्यासाठी झाडं तोडली, त्या बदल्यात कंपनीनं चार हजार रोपं लावली होती. त्यातली किती जगली, ते दर मार्चला बब्रुवाननं कळवायचं. पहिल्या वर्षी तो सगळा माळ पायी फिरला. पुढं पाण्याचा टँकर बंद झाला, उन्हाळा कडक गेला, आणि त्यानं खुर्चीत बसूनच मागचा आकडा पुढं ढकलला. सलग चार वर्षं.

यंदा कंपनीचे साहेब वार्षिक अहवाल घेऊन गावात आले. देवळापुढच्या मंडपात त्यांनी तो वाचला. वीजनिर्मिती बारा टक्क्यांनी वाढली, हवेतला एवढा धूर वाचला, शंभरातली पंच्याण्णव झाडं जगली. टाळ्या पडल्या. बब्रुवानच्या खांद्यावर शाल आली.

म्हाळसाबाई पुढंच बसलेल्या. सत्तरी ओलांडलेल्या, रोज त्याच माळावर शेरडं चारणाऱ्या. त्यांनी सरळ मनानं विचारलं, "बब्रुवाना, ही झाडं कोणत्या अंगाला हायत रं? मला तर घावली न्हाईत. डोळं गेलं वाटतं माझं."

बब्रुवाननं खांद्यावरची शाल सावरली. "हायत काकू, पल्याडच्या उताराला," तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच माळ चढला. खड्ड्यामागून खड्डा बघत गेला. बहुतेक ठिकाणी वाळकी काडी, नाहीतर तीही नाही. दुपार टळेपर्यंत जिवंत झाडं भरली दोनशे चौदा.

त्यानं साहेबांना फोन लावला आणि खरा आकडा सांगितला.

"आता छापून झालंय," साहेब म्हणाले. "दरसाल थोडं थोडं कमी दाखवू."

"न्हाय साहेब. म्या सहीनिशी लिवून देतो."

दोन महिन्यांनी अहवालाचं सुधारलेलं पान निघालं आणि बब्रुवानची बदली उमरग्याच्या गोदामात झाली. निघण्याआधी तो म्हाळसाबाईंच्या दारात गेला.

"काकू, तुमच्या डोळ्यांत काही खोट न्हाय. म्याच लबाड बोललो."

म्हातारी म्हणाली, "मी कळंबच्या दवाखान्यात दोन खेपा घातल्या की रं. डॉक्टर म्हनला, नजर चांगली हाय. तुझ्या शब्दापुढं मला त्याचं खरं वाटंना."



सुट्टीला तो अजून गावी येतो. कुणाच्या बांधाचं भांडण मिटवायला बोलावणं आलं, की म्हणतो, "म्या नको. माझ्या शब्दानं काय हुतं ते पाहिलंय म्या. दुसरं कुणीतरी बघा."