बस चौदा आणि आर्लेट ह्रुस्का शाळा

आमच्या हार्लन प्रेरी गावात यंदा ऑगस्टमध्ये एकाच दिवशी तीन नव्या शाळा उघडल्या. तीन! मी लहान होतो तेव्हा इथल्या सगळ्या सरकारी शाळा मिळून दोन होत्या आणि पिवळ्या बस चार. आता शाळा चाळीस, बस दोनशे दहा, आणि बसमार्गांचा नकाशा छापून येईपर्यंत आणखी दोन वसाहती उभ्या राहिलेल्या असतात. जुनी माणसं या वाढीला नावं ठेवतात. ठेवोत बापडी. मला दर ऑगस्टला लग्नघरात असल्यासारखं वाटतं.

या तिन्हींपैकी एका शाळेला नाव कुणाचं द्यायचं, म्हणून लोकांकडून पत्रं मागवली होती. इथे शाळांना बड्या लोकांची नावं देत नाहीत. गावच्या शाळांत आयुष्य घालवलेल्या शिक्षिका, नर्सबाई, खानावळीतल्या बाई यांची देतात. दोनशे बारा पत्रं आली आणि त्यांतली एकशे नव्वद आर्लेट ह्रुस्काच्या नावाने होती. मिस आर्लेट म्हणजे बस चौदा. अडतीस वर्षं त्यांनी ती चालवली. त्यांच्या बसमध्ये रडत चढलेली पोरं आज आपल्या पोरांना हात धरून त्याच बसमध्ये चढवतात. एक पत्र माझंही होतं.

आमच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख डॉ. ओकाफोर ही बातमी घेऊन स्वतः बस आगारात आल्या. मिस आर्लेट तेव्हा जर्दाळूचा कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेला गोड पाव, खात बाकावर बसल्या होत्या.

"एकच अडचण आहे, मिस आर्लेट," डॉ. ओकाफोर म्हणाल्या. "नोकरीत असलेल्या माणसाचं नाव शाळेला देता येत नाही. राजीनामा द्यावा लागेल."

"म्हणजे नाव हवं तर बस सोडा?"

"तसंच आहे ते."

"आणि बस नाही सोडली तर?"

"तर दुसरं नाव शोधावं लागेल."

मिस आर्लेटनी उरलेला घास शांतपणे संपवला, हात पुसले आणि म्हणाल्या, "नाव हवंय मला. उगाच नको नको म्हणत लाजायचं वय नाही हे. माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं शाळेच्या फरश्या पुसल्या. त्यांचं आडनाव एकदा वर भिंतीवर लागू दे. कुठे करायची सही?"

मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि एप्रिलमध्ये शाळा मंडळाने एकमताने नाव मंजूर केलं. आम्ही केक कापला, त्या रडल्या, मीही रडलो. संपलं, असं मला वाटलं.

जुलैच्या पहिल्या सोमवारी मी नव्या चालकांच्या भरतीच्या टेबलाशी बसलो होतो. नव्यांना शिकवणं आणि त्यांची परीक्षा घेणं, हे माझं काम. समोर एक अर्ज आला. 'अनुभव' या रकान्यात लिहिलं होतं, 'थोडाफार'. मी वर बघितलं.

"मिस आर्लेट! हे काय?"

"अर्ज. वाचता येतं ना, ब्रायस? मीच न्यायचे तुला शाळेत."

"पण तुम्ही तर निवृत्त झालात!"

"झाले की. नाव लागलं, आता मी परत लागते. नाव लागल्यावर नोकरी धरायची नाही, असं लिहिलंय कुठे? सगळी नियमावली वाचलीये मी. फार कंटाळवाणी आहे."

मी डॉ. ओकाफोरना फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "घ्या त्यांना. सव्वीस चालक कमी आहेत आपल्याकडे. पण नव्या माणसाला जे करावं लागतं ते सगळं करायचं. सूट नाही हं!"

आणि तिथेच घोडं अडलं. नव्या माणसाला बस तपासणीची परीक्षा द्यावी लागते. चौसष्ट गोष्टी, एकेकीला हात लावायचा आणि ती काय आहे, ठीक आहे की नाही, ते मोठ्याने बोलायचं. संधी दोनच. दोन्हींत नापास झालं तर थेट जानेवारीत या. म्हणजे शाळेचा पहिला दिवस गेला! अडतीस वर्षांत त्यांचा पहिला दिवस एकदाही चुकला नव्हता. "बालवर्गातली पोरं पहिल्यांदा पायरीवर पाय ठेवतात ना," त्या म्हणायच्या, "तेवढ्यासाठी मी बाकीचं वर्ष चालवते."

पहिल्या परीक्षेत बाईंनी बसभोवती एक फेरी मारली. टायरवर मूठ आपटली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला, इंजिनाला कान लावला. नऊ मिनिटांत हात झटकून म्हणाल्या, "झालं. मागचं डावं आतलं टायर जरा मऊ आहे." खरोखरच मऊ होतं! पण माझ्या कागदावर चौसष्टपैकी एकच खूण होती.

"बोलायचं असतं, मिस आर्लेट," मी कसंबसं म्हणालो.

"कुणाशी? गाडीशी? तिचे ब्रेक कुठे आहेत ते तिला ठाऊक आहे!"

"मग मी असं करतो. तुम्ही बोललात, असं लिहून टाकतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सहा वर्षांचा झालो. "खबरदार! भिंतीवर माझं नाव आणि कागदावर लबाडी? नापास लिही. मोठ्या अक्षरात लिही."

लिहिलं. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

दुसरी परीक्षा शाळा उघडायच्या आधीच्या शुक्रवारी झाली. तीन गोष्टी बोलून झाल्या आणि बाई अडल्या. हात पुढे जात होते, तोंड उघडत नव्हतं. मला मदत करायची परवानगी नव्हती. यांना मी जानेवारीपर्यंत घरी बसवणार होतो. मी!

एकदम त्या वळल्या. "वर चल. तिथे बस."

दाराशेजारची पहिली सीट. तिथेच मी लहानपणी बसायचो. आम्ही गावात नवे होतो, मला कुणी ओळखत नव्हतं, आणि भीती लपवायला मी शाळेपर्यंत सतत विचारायचो, हे काय, ते काय. त्या न कंटाळता सांगायच्या.

"तू बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तेव्हा बघायचास तसा नुसता बघ."

मी बघत राहिलो. आणि बाई सुरू झाल्या! "हा हातब्रेक, बाळा. हा ओढला की गाडी जागची हलत नाही. ओढून बघितला, ठीक आहे. हा आरसा, यातून तू मला दिसतोस..." आतलं झाल्यावर माझी बाही धरून बाहेर नेलं आणि पार धुराड्यापर्यंत एकेक समजावून सांगितलं. चौसष्टपैकी त्रेसष्ट! एक गेला तो भोंग्याचा. बोलायच्या आधीच त्यांनी तो आनंदाने दाबला होता.

बुधवारी सकाळी बस चौदा नव्या शाळेकडे निघाली. नियमाप्रमाणे नव्या चालकाबरोबर शिक्षक म्हणून मीही होतो. शाळेला ज्याचं नाव, त्याने पहिल्या दिवशी दारात उभं राहून प्रत्येक मुलाशी हात मिळवायचा, ही इथली पद्धत. त्यामुळे तिकडे डॉ. ओकाफोर, बँड, फोटोवाले, सगळे मिस आर्लेटची वाट बघत होते.

"आर्लेट ह्रुस्का कोण?" शेवटच्या थांब्यावर चढलेल्या नोएमी नावाच्या चिमुरडीने विचारलं.

"असेल कुणीतरी मेलेली बाई," मागून चौथीतला एक शहाणा म्हणाला. "मेलेल्यांचीच नावं देतात."

मला हसू आवरेना. मिस आर्लेट आरशात बघून म्हणाल्या, "अरे अरे, वाईट झालं."

शाळा आली. पोरं धडाधड उतरली, बँड वाजू लागला. डॉ. ओकाफोर हात हलवून बोलवत होत्या. "जा ना, थांबलेत सगळे!" मी म्हणालो.

"मागपर्यंत बघून आल्याशिवाय बस सोडायची नाही. तूच शिकवतोस ना?" म्हणत त्या एकेका सीटखाली वाकत मागे गेल्या आणि अकराव्या रांगेशी खाली बसल्या. सीटखाली नोएमी होती, दप्तर पोटाशी घट्ट धरून.

"मी नाही येणार. तिथे मला कुणी ओळखत नाही."

"मी ओळखते की."

"तू तर बसमधली."

"खिडकीतून बघ. भिंतीवरचं ते पहिलं अक्षर कुठलं?"

"ए."

"ए फॉर आर्लेट. ते माझं नाव आहे. म्हणजे ते घर माझं. माझ्याकडे यायला कसली भीती?"

नोएमीने भिंतीकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"मग तू मेली नाहीस?"

"अजून नाही गं. चल, उशीर होतोय आपल्याला."

दोघी हात धरून उतरल्या.