खिळ्यावरचं एन्टरचं बटण

कुंदाच्या वडिलांचा, कवडूभाऊंचा, सकाळी फोन आला. "पोरी, कुंदा गेली..." एवढंच बोलले. मी राजुऱ्याच्या घरी चहा घेत लॅपटॉपवर एटापल्लीकडच्या नाल्याच्या पुलावरचा आमचा पुराचा इशारा देणारा डबा तपासत होते. डबा चालू होता. तो बनवणारी गेली आणि हा मेला चालूच, याचा मला आधी रागच आला. आता दीड महिना झाला. राग गेलाय, म्हणून लिहायला बसले.

कुंदा मूल तालुक्यातल्या गावातली, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली. चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर. सिकलसेल तिला लहानपणापासून. सांधे धरले की गरम पाण्याची बाटली गुडघ्यावर ठेवून ती कोड लिहीत बसायची, आणि मी कळवळले की वैतागायची. "तू काऊन तोंड पाडून राह्यली? दुखून मले राह्यलं."

तीन वर्षांपूर्वी आम्ही तो डबा बनवला. नाल्याचं पाणी पुलाला टेकायच्या आत गावात भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आत हाताएवढा संगणक, त्यात लिनक्स. टेबलावर महिनाभर गुण्यागोविंदानं चालला. पुलावर लावला आणि आठ-दहा दिवसांत मेमरी संपून गप्प! पावसाळा तोंडावर आलेला. त्या पुलावरून आश्रमशाळेची पोरं जातात. लोक भोंग्याच्या भरवशावर राहणार आणि भोंगा ऐन वेळी मुका... मी म्हटलं, रोज सकाळी आपोआप रिस्टार्ट करू, कटकट मिटली. कुंदा भडकली. "बाप्पा! चोर घरात हाये आन तू त्याले रोज आंघोळ घालून राह्यली!"

कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा, प्रत्येक कामाला मेमरी वाटून देणारा. त्यातच एक तपासनीस झोपलेला असतो, केमेमलीक नावाचा. त्याला जागं केलं की दिलेल्या प्रत्येक तुकड्याची तो नोंद ठेवतो : कुणी नेला, कुठल्या वाटेनं नेला. मग अधूनमधून सगळी मेमरी धुंडाळतो, या तुकड्याचा पत्ता अजून कुणाकडे आहे का? असला तर तुकडा वापरात. कुणाकडेच नसला तर हरवला, आणि नेणाऱ्याचं नाव पुढे येतं. मला हे दोनदा वाचूनही पचेना. कुंदानं मला सरळ गावी नेलं, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत. भिंतीवर ओळीनं खिळे. जाळं नेणाऱ्यानं आपली खूण खिळ्यावर टांगायची, कुणाची कवडी, कुणाचं बाटलीचं झाकण. दर बुधवारी कवडूभाऊ एकेका खुणेवर हात ठेवून विचारतात, "जाळं कुठी हाये?" जमलेल्यांत एकालाही ठाऊक असलं तर खूण राहते. कुणालाच नसलं तर खूण उतरते, आणि नेणाऱ्यानं नवं जाळं विणून द्यायचं. "समजलं?" कुंदा म्हणाली. "आमचे बाबा तुह्या तपासनीसाच्या आधीपासून हेच करून राह्यले."

पुलावर तपासनीस जागा केला. चार दिवसांनी नाव आलं... माझंच! पाण्याची उंची मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं वाचन घेणारा कोड, मी लिहिलेला. वाचन फसलं की माझा कोड घेतलेली मेमरी परत न करताच मागे फिरायचा. टेबलावर वाचन कधी फसलंच नव्हतं. पुलावर माकडांनी वायर ओढली की फसायचं, आणि धो धो पावसात तर फसतच राहिलं असतं. म्हणजे पूर यायचा त्याच दिवशी डबा गेला असता. मी दोन दिवस मानलं नाही. तपासनीस कधी कधी खोटी तक्रारही करतो, तेवढाच आधार धरून भांडले. कुंदानं आवाज चढवला नाही. तिनं मुद्दाम वाचन पुन्हा पुन्हा फसवलं आणि उरलेल्या मेमरीचा आकडा उतरताना मला दाखवला. "तुहं नाव मी नाई घेतलं वो. आता ती एक ओळ लिही आन चहा पी." एकच ओळ! लाज वाटली, आणि हायसंही वाटलं. माकडांसाठी तिनं सोसायटीतलं जुनं जाळं नेऊन डब्याभोवती आवळलं. खूण म्हणून खिळ्यावर तुटक्या कीबोर्डचं एन्टरचं बटण सुतळीनं टांगलं.

त्यानंतर डबा मेमरीपायी कधी थांबला नाही. गेल्या पावसाळ्यात भोंगा वाजला आणि आश्रमशाळेच्या बाईंनी पोरांना पुलाच्या अलीकडेच थांबवलं. कुंदा तेव्हा दवाखान्यात होती. मी फोनवर रडत सांगितलं, तर म्हणाली, "हाव. वाजायलेच ठेवलं हाये ना त्याले."

तेरवीनंतरच्या बुधवारी मी गावी गेले. कवडूभाऊ एकेका खुणेवर हात ठेवत आले आणि बटणापाशी थांबले. इतकी वर्षं याचं उत्तर कुंदाच द्यायची, कधी दवाखान्यातून फोनवर. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "हे जाळं... कुनाले ठावं हाये काय?" बोटं सुतळीच्या गाठीवर होती. मी गप्प राहिले असते तर बटण उतरलं असतं.

"मले ठावं हाये, भाऊ. पुलावर हाये. डब्याले बांधलं हाये."

"कामात हाये?"

"हाव. आज सकाळीच पाह्यलं."

त्यांनी गाठीवरचा हात काढला आणि पुढच्या खिळ्याकडे गेले.

आता दर बुधवारी मी आधी डबा बघते, मग त्यांना फोन लावते. ते कशी आहेस वगैरे काही विचारत नाहीत. फोन उचलतात आणि म्हणतात, "जाळं कुठी हाये?"