हॅलोबाईंचा राँग नंबर

सारी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली, म्हणून सगळे त्यांना हॅलोबाई म्हणत. आवाज असा, की तावातावाने भांडायला आलेला माणूसही "बरं, बरं" म्हणत फोन ठेवायचा. त्यांच्या ताईचा आवाज मात्र फुटक्या भोंग्यासारखा. पण ताईचा चेहरा! तिने नुसती भुवई उचलली तरी समोरच्याची हसून मुरकुंडी वळे. शिवणकाम सांभाळून ती हौशी नाटकांत कामं करायची. तिथूनच एका दिग्दर्शकाने तिला सिनेमासाठी उचललं.

सिनेमा काय, तर एक कुटुंब खटारा गाडीच्या टपावर लाकडी कपाट बांधून मुलीच्या नव्या घरी निघतं आणि शेवटपर्यंत पोचत नाही. ताई मागच्या सीटवरची आत्या. प्रत्येक वळणावर ड्रायव्हरला सुनावणार, "आमच्या वेळी रस्ते सरळ होते!" शूटिंग संपल्यावर दिग्दर्शकाला तो भोंगा खटकला आणि त्याने गुपचूप हॅलोबाईंना डबिंगला बोलावलं. त्या गेल्या. ताईला आज सांगू, उद्या सांगू करता करता राहूनच गेलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. त्यात स्टुडिओची वेळ संपली आणि एक तुकडा आवाजाविना राहिला. कपाट रस्त्यात पडतं, आत्या मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत काहीबाही बोलत राहते, पण नुसतेच ओठ हलतात.

ताईला कळलं ते थेट थिएटरात, सगळा गोतावळा शेजारी बसलेला असताना. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तोंड माझं आणि बोलणार तू? मग आता तूच बोल."

हॅलोबाईही काही कमी हट्टी नव्हत्या. सिनेमा आठवड्याच्या आत उतरला. अबोला मात्र वर्षानुवर्षं हाउसफुल चालला.

दोघींचे केस पिकले आणि कॉलेजातल्या पोरांना तो सिनेमा कुठूनतरी गवसला. कपाट म्हणजे म्हणे संसाराचं ओझं, आणि मुकी आत्या ही दिग्दर्शकाची प्रतिभा! आता यांना कोण सांगणार? त्यांच्या फिल्म क्लबने ताईला खेळाला बोलावलं. ताई म्हणाली, "माझं नुसतं तोंड आहे त्यात. आवाज धाकटीचा. तिलाही बोलवा." नंबरही तिनेच दिला.

क्लबच्या सेक्रेटरीने फोन केला. "तुमच्या ताईंनी बोलावलंय," हे ऐकून हॅलोबाई वेळ लिहून घ्यायला पेन्सिल शोधू लागल्या, आणि पाठोपाठ रागही आला. स्वतः फोन करायला काय झालं होतं हिला? मध्ये परका माणूस कशाला?

"माफ करा, राँग नंबर," त्या एक्सचेंजमधल्या गोड आवाजात म्हणाल्या. एवढं वाटत असेल तर करेल ती स्वतः, असं म्हणून त्या फोनची वाट बघू लागल्या.

फोन आला तो भाच्याचा. ताई गेली होती.

क्लबने पुढे पुन्हा खेळ लावला तेव्हा हॅलोबाई न बोलावता गेल्या. दारात "कुठे बसू?" एवढंच विचारलं, तर सेक्रेटरी ओरडलाच, "आत्या! अहो, आवाज तुमचाच!"

"ताई... ताई आली होती का मागच्या खेळाला?"

"आल्या होत्या ना. शेजारची खुर्ची अडवून बसल्या, कोणाला बसू देईनात. मी म्हटलं, नंबर चुकलाय, एक बाई फार गोड आवाजात राँग नंबर म्हणाल्या. तर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, 'गोड आवाजात? मग नंबर बरोबर आहे. येईल ती. खुर्ची राहू दे.'"

हॅलोबाई कशाबशा आत जाऊन बसल्या. पडद्यावर ताई भुवई उचलून त्यांच्याच आवाजात बोलत होती आणि अख्खं सभागृह तिच्याबरोबर ओरडत होतं, "आमच्या वेळी रस्ते सरळ होते!" मग कपाट पडलं. या जागी सगळ्यांनी चिडीचूप व्हायचं, हा त्या पोरांचा नेम होता. काचेआड ताईचे ओठ हलत राहिले.

"ताई," हॅलोबाईंना राहवलं नाही, "नंबर बरोबर होता गं."

पुढच्या रांगेतली मुलगी वळली. ओठांवर बोट ठेवून अगदी प्रेमाने म्हणाली, "आजी, इथे आत्याला आवाज नसतो."