काकीचे करकोचे

माझ्या काकीचा राग लोणच्यासारखा मुरायचा. इतर बायका कडाकडा भांडून मोकळ्या होत. काकी भांडतच नसे, गप्प बसे. ती गप्प बसली की समोरच्याचं काही खरं नाही, हे आम्हा पोरांना लहानपणीच कळलं होतं.

चाकणजवळच्या आमच्या गावात ओढ्याकाठी भावकीची चिंच होती. दिवाळी सरली की तिच्यावर रंगीत करकोचे घरटी करत. लांब पिवळी चोच, शेपटीकडे गुलाबी झाक. मोठ्या पक्ष्याला आवाज जवळजवळ नसतोच, नुसती चोच वाजवतो. काकी म्हणायची, "बाळंतपणाला आलेल्या लेकी हायेत त्या." पिलं उडेपर्यंत चिंचा झोडपायच्या नाहीत, हा गावाचा शिरस्ता. कंपनीत शिफ्ट करणारी पोरंही तो पाळत.

तो मोडला आप्पांनी, काकीच्या चुलत दिरानं. त्यांनी लग्नाचं लॉन काढलं आणि पार्किंगसाठी घरट्यांसकट चिंच पाडली. काकीनं मेलेली पिलं घमेल्यात गोळा केली आणि नेऊन आप्पांच्या ओट्यावर ठेवली. "भावजी, बाळंतीण उठवलीत तुमी. आता तुमच्या दारात सनई वाजायची न्हाई." आप्पा हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

लॉनला खेटून काकीचं भातखाचर होतं, त्यात जुन्या बाभळी. तिनं भात लावणं सोडलं, खाचराचं तोंड बुजवलं आणि पाणी साठू दिलं. बुंध्याशी पाणी असलं की रानमांजर-मुंगूस वर चढत नाही, म्हणून करकोच्यांना असं झाड आवडतं. दोन-तीन हिवाळ्यांत ते बाभळींवर उतरले.

करकोच्याचं पिलू घाबरलं की पोटातले मासे ओकतं. लग्नाच्या हंगामात पहिली वरात आली, फटाक्यांची माळ लागली आणि बाभळीवरची झाडून सगळी पिलं ओकली. वारा लॉनकडे. वऱ्हाड पदर-रुमाल नाकाला लावून पळालं. काकी बांधावर बसून भाकरी खात होती. म्हणाली, "लावा की अजून एक माळ."

आप्पा हात जोडत आले. "वहिनी, पाणी सोडा."

"पिलं उडू द्या, मग बघू."

पिलं उडाली. तिनं पाणी सोडलं नाही. पुढच्या हंगामात पुन्हा तेच झालं आणि लॉनला कुलूप लागलं. त्या दिवशी काकीनं घरात पुरण घातलं.

गेल्या वर्षी काकी गेली. तिच्या मागं खाचर माझ्याकडे आलं. तेराव्याला आप्पा आले, डोळे पुसले आणि निघताना हळूच म्हणाले, "खाचराचं काय ठरवलंस? तू म्हणशील तो भाव."

मी म्हणालो, "आप्पा, चिंच होती तिथं उभी करा, वर पिलांसकट. खाचर फुकट घेऊन जा."